‘दोन रात्रींचा तर प्रश्न होता’

नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या ३४ वर्षांच्या आहेत आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम पाहतात. दीड-दोन महिन्यांतून एकदा त्यांची कोल्हापूरला फेरी असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमधलं, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांमधलं, कास्टिंग (ओतीव भाग) तपासायचं, दोन रात्री राहायचं आणि परत. गेल्या वेळी नेहमीचं हॉटेल भरलेलं होतं. तेव्हा ज्या फौंड्रीचा माल तपासायचा होता, तिथल्याच ऑफिसातून निरोप आला, ‘आमच्या मालकांच्या मेव्हण्यांचं हॉटेल आहे, मॅडमची सोय तिथं करतो.’ बिल कंपनीच भरणार होती, म्हणून यांच्या ऑफिसनंही हो म्हटलं.

त्या रात्री साडेदहाला पोचल्या. फोटोतली खोली मिळालीच नाही. मिळाली ती मागच्या बाजूची, लग्नाच्या लॉनला लागून असलेली. चादरीवर डाग, गिझर बंद, ‘गरम पाणी सकाळी सहा ते आठ, सोलरचं.’ दाराची आतली कडी सैल, जरा ढकललं की निसटणारी. प्रवासानं थकल्या होत्या, तशाच झोपल्या. साडेबाराला बाहेरून किल्ली फिरली, दार उघडलं आणि रूमबॉय एका अनोळखी गृहस्थांना सामानासकट आत घेऊन आला. एकच खोली दोघांना दिली गेली होती. ते गृहस्थ ओशाळून लगेच मागं फिरले. काउंटरवरचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा धावत आला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘मॅडम, मालकांना सांगू नका, माझी नोकरी जाईल.’ यांनी टेबल ओढून दाराला लावलं आणि दिवा चालू ठेवून पहाटेपर्यंत बसून राहिल्या. सकाळी आठला फौंड्रीत हजर.

परतल्यावर वरिष्ठ म्हणाले, ‘दोन रात्रींचा तर प्रश्न होता.’ नवरा म्हणतो, ग्राहक मंचात केस टाक. त्यांनी स्वतः मोबाइलवर एक खरमरीत अभिप्राय लिहून ठेवलाय, पण टाकलेला नाही. त्या लिहितात, ‘तक्रार केली तर त्या मुलाची नोकरी जाईल. फौंड्रीवाले म्हणतील, मॅडम खोलीचा राग मालावर काढतात. आणि ऑफिस म्हणेल, बाईमाणूस आहे, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवू. बारा वर्षं झगडून मिळवलेलं काम एका खोलीपायी जायला नको. मी जास्तच मनाला लावून घेतेय का, ताई? विसरून जाऊ का?’

विसरू नका. आणि तुम्ही जास्त मनाला लावून घेतलेलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुमचं अर्धं पत्र स्वतःचीच समजूत घालण्यात गेलंय. ‘तसं काही झालं नाही’, ‘ते गृहस्थ सज्जन होते’, ‘मुलगाही बिचारा गरीब होता’. हे सगळं खरं असेल. पण रात्री साडेबाराला तुमच्या खोलीचं दार परक्या माणसासमोर उघडलं गेलं, हे ‘काही झालं नाही’ मध्ये कसं बसवायचं? मी कोल्हापूरचीच. आमच्या गावात कामाला आलेल्या बाईनं टेबल दाराला लावून रात्र जागून काढली, हे वाचून मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही चादर, गिझर, लग्नाचा बँड, कडी आणि किल्ली हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून साहेबांपुढे ठेवलंत. मला वाटतं, घोटाळा तिथंच झाला. त्यांनी वरवरचं गिझर आणि बँड एवढंच ऐकलं आणि ‘दोन रात्रींचा प्रश्न’ म्हणून मोकळे झाले. तुम्ही फौंड्रीत असं कधी करता का? कास्टिंगचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर फेटलिंगमध्ये, म्हणजे घासून साफ करताना, निभावून नेता येतं, पण तडा दिसला की तो नग बाजूला निघतो. दोन्ही दोष एकाच ओळीत ‘माल बरा नाही’ असे लिहून तुम्ही रिपोर्ट दिला, तर समोरचा पॉलिश करून तोच माल परत पाठवेल.

चादर, गिझर आणि बँड हा खडबडीत पृष्ठभाग आहे. त्याबद्दल तिथल्या तिथं बोलायचं, चादर बदलून घ्यायची, गरम पाण्याची बादली मागवायची. नाहीच मिळालं तर चिडचिड होते, पण सकाळी माणूस कामाला लागतो. कडी आणि किल्ली हा मात्र तडा आहे. आतून बंद होत नाही ती खोली भाड्यानं देण्याजोगीच नव्हती. आत माणूस असताना तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते, म्हणजे त्या हॉटेलात कोणती खोली कुणाला दिली याची नोंद धड ठेवली जात नाही. साहेबांशी पुन्हा बोलाल तेव्हा चादरीचा विषयसुद्धा काढू नका. फक्त एवढंच सांगा, ‘मला दिलेल्या खोलीला आतून कडी लागत नव्हती आणि मध्यरात्री अनोळखी माणसाला माझ्या खोलीत आणलं गेलं.’ या वाक्यापुढं ‘दोन रात्रींचा प्रश्न’ म्हणून दाखवणं कुणालाही जड जाईल.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती जास्त खोलवर रुजलीय. कामाची वेळ सकाळी आठला फौंड्रीच्या गेटवर सुरू होते, आणि त्याआधीची रात्र ही तुमची खासगी बाब, असं तुम्ही मानता. कंपनीनंही तुम्हाला तेच शिकवलंय. पण तुम्ही कोल्हापूरला फिरायला आला नव्हता. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ साली जो कायदा झाला, त्यातली ‘कामाचं ठिकाण’ याची व्याख्या ऑफिसच्या चार भिंतींपुरती नाही. नोकरीच्या निमित्तानं कर्मचारी जिथं जिथं जाईल ती जागा त्यात येते, कंपनीनं दिलेलं वाहनसुद्धा येतं. कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं तो कायदा सांगतो. त्या रात्री जे झालं त्याला मी छळ म्हणत नाही, तो गलथानपणा होता. पण कंपनीनं मंजूर केलेल्या हॉटेलातली खोली ही कंपनीची जबाबदारी आहे, असाच त्या व्याख्येचा अर्थ निघतो. म्हणजे तुम्ही सवलत मागत नाही आहात. फौंड्रीत बूट आणि गॉगल मागताना तुम्ही संकोचता का? दाराची कडी त्याच यादीतली.

आता त्या मुलाबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात भावला, आणि सगळ्यात जास्त विचारही याच भागाचा करावा लागला. मध्यरात्री स्वतः थरथरत असताना तुम्ही समोरच्याच्या पोटाचा विचार केलात. पण जरा बघा. लहान हॉटेलांत रात्री काउंटरला बहुतेक एकटा मुलगा असतो. एक बुकिंग फौंड्रीच्या फोनवरून वहीत, दुसरं ॲपवरून मोबाइलवर, आणि दोन्ही ताडून बघायला कुणी नाही, असंच काहीसं तिथं झालं असणार. कडी त्यानं सैल केलेली नाही. ती दुरुस्त करायचा खर्चही त्याच्या हातात नाही. तुम्ही गप्प राहिलात तर त्याची नोकरी आजच्यापुरती टिकेल, पण वही तीच, कडी तीच, आणि पुढच्या महिन्यात त्याच्याच हातून पुन्हा हेच घडेल. कदाचित त्या वेळी आत येणारा माणूस ओशाळून मागं फिरणारा नसेल. तेव्हा त्या मुलाची फक्त नोकरी जाऊन भागणार नाही.

ब्लोहोल, म्हणजे ओतीव भागात राहिलेली पोकळी, सापडली की रिपोर्टमध्ये साचा बनवणाऱ्या मोल्डरचं नाव लिहिता का? हीट नंबर (माल कोणत्या ओतणीचा तो क्रमांक), तारीख, दोष आणि तो कुठं आहे हे लिहिता, आणि पद्धतीत काय सुधारणार ते विचारता. हॉटेलच्या मालकांनाही तसंच लिहा. मुलाचं नाव घालू नका. उलट एक वाक्य मुद्दाम घाला की रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यानं ताबडतोब येऊन माफी मागितली, दोष नोंदीच्या पद्धतीचा आणि नादुरुस्त कडीचा आहे. एवढं करूनही मालकानं त्याच्यावर राग काढला तर? तशी शक्यता आहे, मी नाकारत नाही. पण ती त्या मालकाची करणी असेल, तुमची नव्हे. हे ओझं तुम्ही तुमच्या डोक्यावर घेऊ नका.

आणि लवकर लिहा. कॉरिडॉरमधल्या सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस राहत नाही, त्यावर नवीन चढत जातं. त्या रात्रीचं साडेबाराच्या आसपासचं चित्रण जपून ठेवा, अशी स्पष्ट मागणी मेलमध्ये करा. कडीचा फोटो काढला नसेल तर हळहळू नका. रात्री एक वाजता नवऱ्याला पाठवलेले जे मेसेज तुम्ही सांगता, ते पुसू नका. त्यावर वेळ असते. आठवतं ते सगळं वेळेसकट आजच एका कागदावर उतरवून ठेवा.

फौंड्रीवाल्यांचं काय, हा तुमचा दुसरा धाक. इथं मी जरा कडक बोलणार आहे, राग मानू नका. ज्याचा माल तपासायचा त्याच्या मेव्हण्याच्या हॉटेलात उतरायचं, ही सोय मुळातच चुकीची होती. खोली छान निघाली असती, सकाळी गरमागरम नाष्टा आला असता, तरीही चुकीचीच होती. तेव्हा तुम्हाला दुसरा संकोच पडला असता, एवढंच. आमच्याकडं कुणी मुद्दाम लाच म्हणून अशी सोय करतं असं नाही. पाहुण्याची व्यवस्था आपण बघायची, हा इथला स्वभाव आहे, आणि त्यामागं बहुतेक वेळा माया असते. पण तपासणाऱ्यानं त्या मायेपासून हातभर लांब राहिलेलं दोघांच्याही भल्याचं. त्यामुळं फौंड्रीच्या मालकांकडं हॉटेलची तक्रार अजिबात नेऊ नका. त्यांनी विचारलंच तर म्हणा, ‘तुम्ही आपुलकीनं सोय केलीत, पण कंपनीच्या नियमानं आता आम्हीच आमचं बुकिंग करतो.’ आणि पुढच्या फेरीत एखादा नग रिजेक्ट करावा लागला तर बेलाशक करा. मापं आणि रिपोर्ट बोलतील.

नवऱ्याच्या सूचनेबद्दल. ग्राहक मंचाला आता ग्राहक आयोग म्हणतात. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात बऱ्याच सोयी आहेत. तुम्ही राहता तिथंच, म्हणजे नाशिकला, तक्रार दाखल करता येते, कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. पण तुमच्या बाबतीत एक मेख आहे. पैसे कंपनीनं दिले. दुसऱ्यानं पैसे भरले तरी त्याच्या संमतीनं सेवा घेणाऱ्याला कायदा ग्राहक मानतो, मात्र सेवा व्यावसायिक कारणासाठी घेतली असेल तर मानत नाही. हॉटेलचा वकील यावर बोट ठेवणार. मग मूळ गोष्ट बाजूला राहून वाद त्यावरच रंगेल. त्याऐवजी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे लागत नाहीत. हॉटेलकडून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हे पाऊल उचला. केसचं पुढं बघता येईल. तुम्हाला पैसे हवेत असं मला पत्रात कुठंच दिसलं नाही. कडी बसायला हवी, असं दिसलं.

मोबाइलमधला तो खरमरीत अभिप्राय मी मागवून वाचला. रात्रभर जागलेल्या माणसानं लिहिलाय तो, आणि त्यातला शब्दन् शब्द समजण्यासारखा आहे. तरी तसाच टाकू नका. ‘नालायक’, ‘फालतू’, ‘कोल्हापुरात कुणी उतरू नये’ हे वाचून पुढची बाई सावध होत नाही, तिला वाटतं कुणीतरी भडकलंय. तिला कामाची वाक्यं द्या. कोणत्या महिन्यात राहिलात, आतली कडी लागत नव्हती, मध्यरात्री तीच खोली दुसऱ्या पाहुण्याला दिली गेली, मालकांना कळवल्यावर त्यांनी काय केलं. घडलं तेवढंच, विशेषणांशिवाय. आधी मालकांना उत्तर द्यायला वेळ द्या. त्यांनी कड्या बदलल्या तर तेही लिहा.

आता तुमची खरी भीती. ‘बाईमाणूस आहे, पुढच्या वेळी दुसऱ्याला पाठवू.’ ही भीती काल्पनिक आहे असं मी म्हणणार नाही. मी अशा बायका पाहिल्यात ज्यांनी एकदा गैरसोय बोलून दाखवली आणि ‘तुमच्या काळजीपोटीच’ असं गोड बोलून त्यांना दौऱ्यावरून काढून टाकलं. दौरा गेला की बढतीही जाते. म्हणून मागणी कशी मांडता याला फार महत्त्व आहे. ‘बायकांसाठी वेगळी सोय करा’ असं म्हणू नका. दौऱ्यावर जाणाऱ्या सगळ्यांसाठी नियम मागा. तुमच्या जागी एखादा पुरुष सहकारी असता तर त्याचीही झोप उडाली असती, लॅपटॉप आणि पैशाचं पाकीट उघड्यावर पडलं असतं. दौऱ्यावरच्या दोन-तीन पुरुष सहकाऱ्यांना आधी विश्वासात घ्या. त्यांच्याकडंही किस्से असणार, फक्त त्यांना ते सांगायची सोय नाही, कारण ‘पुरुषानं काय कुरकुरायचं!’ चौघांच्या सहीचा मेल गेला की तो ‘मॅडमचा त्रास’ राहत नाही.

मेलमध्ये मागायचं काय? मला विचाराल तर एकच मागणी सगळ्यात मोलाची. खोली असुरक्षित वाटली तर त्याच रात्री, कुणालाही न विचारता, दुसऱ्या हॉटेलात जायची आगाऊ परवानगी, आणि त्याचा खर्च मंजूर. त्या रात्री तुम्ही टेबल लावून का बसलात? दुसरं हॉटेल नव्हतं म्हणून नाही. मध्यरात्री साहेबांना फोन कसा करू, जादाचं बिल कोण मंजूर करणार, या विचारानं बसलात. ती परवानगी कागदावर असती तर सामान उचलून तुम्ही निघाला असता. त्याखालोखाल, पुरवठादारानं हॉटेल ठरवायचं नाही. आणि रात्री फोन उचलेल असा ऑफिसातला एक माणूस नेमून द्यायचा. बाकी बारीकसारीक मागण्या घालून मेल लांबवू नका.

कामासाठी कोल्हापूरला येणाऱ्या इतर वाचकांसाठीही दोन गोष्टी सांगते. शिरोली एमआयडीसी गावाच्या उत्तरेला, पंचगंगेपलीकडं हायवेवर, आणि गोकुळ शिरगाव दक्षिणेला. दोन्हीकडं कामं असतील तर कावळा नाका किंवा ताराबाई पार्क भागात उतरलेलं बरं, हायवेही जवळ आणि रात्री वर्दळही असते. नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला खोल्यांची मारामार असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले वकील आणि पक्षकार कामकाजाच्या दिवशी इथं येतात. त्यामुळं सोमवार ते शुक्रवार खोली सहज मिळेल हे जुनं गणित धरून चालू नका, आठवडाभर आधी बुकिंग करा. ज्या दिवशी पोचणार त्या दुपारी स्वतः फोन करून खोलीचा नंबर विचारून घ्या. दोन बुकिंगं एकमेकांवर चढली असतील तर ती तेव्हाच उघडकीला येतात.

खोलीत शिरल्यावर बॅग ठेवायच्या आधी आतून कडी लावून, दार ओढून बघायचं. रूमबॉय तिथं उभा असतानाच. नसेल लागत तर बॅग खाली ठेवायचीच नाही, खोली बदला म्हणायचं. एकदा बॅग उघडली की आपणच ‘जाऊ दे’ म्हणतो. लाकडाची किंवा रबराची एक पाचर बॅगेत ठेवा, दाराखाली आतून सारली की बाहेरून ढकलून दार सहज उघडत नाही. मी गेली कित्येक वर्षं ठेवते. आणि तशीच वेळ आली तर ११२ फिरवायला संकोच करायचा नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, इतक्या वेळा येऊन गेले पण अंबाबाईचं दर्शन कधी झालंच नाही, या वेळी सकाळी जायचं ठरवलं होतं, ते रात्रीच्या प्रकारानं राहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा फेरी आहे म्हणता. पहाटे जा, गर्दी कमी असते, आणि परतताना गंगावेशीत थांबा. समोर म्हशीची धार काढून ताजं फेसाळ दूध पेल्यात देतात. आठच्या आत तुम्ही शिरोलीत पोचाल. त्याआधी हॉटेलच्या मालकांना मेल गेलेला असू द्या, आणि काय उत्तर आलं ते मला कळवा.